पाकोळी नावाच्या दोघी

विलेपार्ल्यातल्या एका वाचनालयाच्या गच्चीवर डिसेंबरातल्या एका संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. माइकच्या तक्रारी आणि चहाच्या सूचना गाळल्या आहेत.

बसा, बसा. खुर्च्या कमी पडल्या तर कठड्याला टेकून उभे राहा. कठड्यावर मात्र बसू नका. आज आपण उडण्याबद्दल फक्त बोलणार आहोत, करून दाखवायचं नाही.

खाली सभागृह असताना वर गच्चीत का, असं दोघातिघांनी विचारलं. कारण सूर्य मावळला की थोड्याच वेळात या इमारतींच्या वर, गिरणीत बदलावी तशी पाळी बदलते. दिवसपाळीचे आत जातात, रातपाळीचे बाहेर येतात. ते तुम्हाला दाखवायचं आहे. तोवर मी बोलतो. पाळी बदलली की मी थांबेन आणि तुम्ही वर बघायचं.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आजी राजापूरकडची. दिवेलागणीला गॅलरीतून काहीतरी फडफडत आत यायचं, दिव्याभोवती दोन फेऱ्या मारायचं आणि आजी ओरडायची, "पाकोळी शिरली गो, दिवा मालवा!" आणि दुपारी समोरच्या जुन्या इमारतीच्या कमानीखाली चिरचिरत घिरट्या घालणारे काळे पक्षी असायचे, कमरेवर पांढरा पट्टा असलेले. पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवून छताला घरटी करायचे. त्यांनाही आजी पाकोळीच म्हणायची. सहावीत मी शहाणा झालो. तिला सांगितलं, "आजी, तो पक्षी आहे. आणि ते रात्री येतं ते छोटं वटवाघूळ आहे. ते अंडी घालत नाही, पिल्लांना दूध पाजतं. दोघांना एकच नाव कसं चालेल?" आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एकाच आभाळात एकच चिलटं खातात ना? मग तुझं काय अडलंय?"

पुढे मी तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी फळ्यावर डाव्या बाजूला पक्षी, उजव्या बाजूला वटवाघूळ असा तक्ता काढला. पिसं, कातडं. चोच, दात. अंडी, पिल्लं. मुलं तो तक्ता पाठ करायची, पाच गुण मिळवायची आणि विसरून जायची. कारण त्या तक्त्यात मुळात काय वेगळं आहे आणि कशामुळे काय झालं, हे मी सांगतच नव्हतो. माझ्या मते मुळातला फरक एकच आहे. पक्षी उडतो तो अंगावर उगवलेल्या अवजारानं. वटवाघूळ उडतं ते स्वतःच्या हातानं. बाकीचं बरंचसं त्यातून निघतं.

आपल्या जुन्या लोकांना हे दिसलं होतं. अमरकोशात वटवाघळाला 'अजिनपत्रा' म्हटलंय. अजिन म्हणजे कातडं, पत्र म्हणजे पंख. कातड्याच्या पंखांची. दुसरा एक शब्द आहे 'चर्मचटका', म्हणजे कातड्याची चिमणी. मला हा शब्द फार आवडतो. नाव ठेवणाऱ्यानं चिमणीही बघितली होती आणि कातडंही.

आता हे पीस फिरवा. कबुतराचं आहे, आज सकाळी जिन्यात पडलं होतं. मुंबईत पीस शोधायला जिन्यापलीकडे जावं लागत नाही. दांडी बघा, बुडाशी पोकळ. दांडीची एक बाजू अरुंद, दुसरी रुंद. अरुंद बाजू पुढे, वाऱ्याच्या तोंडावर. आता बोट टोकाकडून बुडाकडे, उलटं चोळा. विस्कटलं, फटी पडल्या. आता दोन बोटांच्या चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे ओढा. झालं ना परत नीट? पिसाच्या तंतूंना बारीक आकडे असतात, बॅगेच्या चेनसारखे, ते एकमेकांत अडकतात. पक्षी दिवसभर चोचीनं पिसं साफ करत बसतो, तेव्हा चेनच लावत असतो. आणि लक्षात घ्या, हे पीस मेलेलं आहे. गळून पडलं म्हणून नव्हे. पंखात होतं, आणि पूर्ण वाढलेलं होतं, तेव्हाही मेलेलंच होतं. तुमच्या नखासारखं. त्यात रक्त नाही, नस नाही, स्नायू नाही.

मग पक्ष्याचा हात कुठे गेला? ज्यांना चालतं त्यांनी पुढच्या रविवारी कोंबडीचा पंख खाताना बघा. पहिलं एक हाड ते दंडाचं. मग दोन हाडांचा तुकडा, ती कोपरापासून मनगटापर्यंतची. शेवटचं ते निमुळतं टोक, जे आपण ताटात कडेला टाकतो, तो हात. त्यात बोटं आहेत तीन, ती आखडलेली आणि एकमेकांत सांधलेली. त्या हाताला काम एकच उरलंय, पिसांच्या मुळांना आधार देणं. अंगठा म्हणावा असा एक बारीक कोंब वेगळा राहिलाय, त्यावर दोनचार पिसं असतात. घार उतरताना ती पिसं उचलते, म्हणजे वेग कमी झाला तरी पंखावरची हवा सुटत नाही.

कोंबडीवर आलोच आहोत तर छातीचंही सांगतो. छातीच्या हाडाला मधोमध होडीच्या तळासारखी उभी कड असते. तिच्या दोन्ही बाजूंना मांसाचा मोठा गोळा, तो पंख खाली ओढतो. तो गोळा सोलताना आतून एक निमुळती पट्टी आपोआप वेगळी निघते. ती पंख वर उचलते. छातीत बसून पंख वर कसा उचलेल? तिचा दोर खांद्यातल्या भोकातून जाऊन दंडाच्या वरच्या बाजूला बांधलेला असतो, विहिरीच्या रहाटासारखा. उचलणारा आणि ओढणारा दोन्ही स्नायू खाली, पोटाशी. त्यामुळे पक्ष्याचं वजन खाली राहतं आणि पंख हलका. वटवाघळात असा रहाट नाही. त्याचा पंख वर घेणारे स्नायू पाठीत आणि खांद्यात आहेत, तुमच्याआमच्यासारखे.

दहाबारा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात माझ्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, मला एक पाकोळी सापडली. आजीची रात्रीची पाकोळी. ओली, थरथरत होती. जाड फडक्यात उचलली. वजन किती असेल? रुपयाच्या नाण्याएवढं. सकाळी ती जरा तरतरीत झाली तेव्हा फडक्यातूनच एक पंख हलकेच ओढून ट्यूबलाइटसमोर धरला. फळ्यावर शेकडो वेळा काढलेली आकृती होती, पण त्या दिवशी मला कळली. दंड, कोपर, मग लांबच लांब हात, मनगट, आणि मनगटातून पसरलेली चार बोटं, काडीपेटीतल्या काडीच्या चौथाईहून बारीक. मधलं बोट तर तिच्या अंगापेक्षा लांब वाटत होतं. बोटांमधल्या पडद्यातून उजेड आरपार येत होता आणि त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसत होतं. आणि पुढच्या कडेला, पडद्याच्या बाहेर, मोकळा अंगठा. त्याला नख. त्या अंगठ्यानं तिनं फडक्याचा धागा पकडला होता आणि सोडत नव्हती.

वटवाघळाच्या पंखाला लोक छत्रीची उपमा देतात. मीही वर्गात देत असे. त्या दिवसानंतर बंद केली. छत्रीचं कापड मेलेलं असतं, हा पडदा जिवंत आहे. त्यात स्नायूंचे बारीक तंतू आहेत, ते ताणून पडदा कमीजास्त फुगवता येतो. त्यावर डोळ्याला न दिसणारे केस आहेत, वारा कुठून आणि किती येतोय ते त्यांना कळतं. वीसेक सांधे आहेत, प्रत्येक वेगळा वळतो. बोटांची टोकं तर इतकी लवचीक की फडफडताना वाकतात.

मेलेलं चांगलं की जिवंत? संक्रांतीचं उदाहरण घ्या. मांजानं घारीची उडायची पिसं कापली गेली, कातडीला धक्काही लागला नाही, तरी ती खाली येते. कापलेलं पीस भरून निघत नाही. जुनं गळून नवं येईपर्यंत वाट बघायची, आणि सगळी पिसं एकदम गळत नाहीत, क्रमानं गळतात, नाहीतर दर वर्षी पक्षी जमिनीवर आले असते. वटवाघळाच्या पडद्याला भोक पडलं तर ते काही आठवड्यांत भरून येतं, कारण तिथे रक्त आहे. पण रक्त आहे म्हणजे तिथून उष्णता जाते, पाणी जातं, जखम होते. भर दुपारच्या उन्हात एवढं मोठं काळं कातडं पसरून उडायचं म्हणजे काय होईल, विचार करा. वटवाघळं रात्रीचीच का झाली याची जी कारणं दिली जातात त्यात हे एक आहे. दुसरं म्हणजे ससाणे. तिसरं, की वटवाघळं आली तेव्हा दिवसाचं आभाळ भरलेलं होतं. जर्मनीतल्या बव्हेरियात 1861 साली सापडलेला आर्किओप्टेरिक्स सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. वटवाघळांचे नीट सांगाडे मिळतात ते सुमारे 5 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचे, अमेरिकेतल्या वायोमिंगमधले. म्हणजे ही मंडळी 10 कोटी वर्षं उशिरा आली. लोकलमध्ये विरारहून बसलेल्यांना अंधेरीचा माणूस काय उठवणार?

आता पायांकडे या, कारण माझ्या मते खरी गंमत पायांत आहे.

शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या चिखलात उभा असलेला फ्लेमिंगो तुम्ही पाहिलाय. पाय बघा आणि पंख बघा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? पक्ष्याचा पंख हातापुरता असतो, पाय मोकळे. त्यामुळे पायांनी वाटेल ते करून पाहिलं. बदकाचे वल्ही झाले, बगळ्याचे काठ्या झाले, गरुडाचे आकडे झाले, शहामृगानं तर पायांच्या जिवावर उडणंच सोडून दिलं. वटवाघळाचा पडदा मात्र बोटांपासून अंगाच्या कडेनं जाऊन थेट घोट्याला बांधलेला आहे, आणि बहुतेकांत दोन्ही पायांच्या मध्येही पडदा असतो. पाय म्हणजे पंखाचीच मागची खुंटी. शिवाय गुडघे उलटे, मागे वळलेले. अलीकडे, 2024 साली, कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी शेकड्यांनी सांगाडे मोजून हेच दाखवलं. पक्ष्यांत पंख आणि पाय आपापल्या वाटेनं बदलत गेले, वटवाघळांत दोघं एकमेकांना धरून. म्हणून वटवाघळांचा फ्लेमिंगो झाला नाही. पक्ष्यांच्या जवळपास 11,000 जाती, त्यातल्या कितीतरी उडणं विसरल्या. वटवाघळांच्या 1,400 हून अधिक जाती, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत एक, आणि न उडणारी एकही नाही. उडणं सोडून जाणार कुठे? पाय कुठायत? न्यूझीलंडमधलं एक वटवाघूळ जमिनीवर चालतं आणि दक्षिण अमेरिकेतलं रक्तपिपासू जमिनीवरून उडी घेतं, पण ते अपवाद.

मग उरलं लटकणं. आपण हाताची मूठ आवळली की स्नायूंना काम पडतं. वटवाघळाच्या पायात उलट व्यवस्था आहे. अंगाचं वजन खाली आलं की पायातला दोर ताणला जातो आणि बोटं आपोआप मिटून अडकतात. धरून ठेवायला काही करावं लागत नाही, सोडायला करावं लागतं. सकाळी सव्वाआठच्या चर्चगेट लोकलला दारात लटकणाऱ्यांना हे पाय मिळाले असते तर बरं झालं असतं. आणि लटकलेल्याला उडायला पळावं लागत नाही, उडी मारावी लागत नाही. सोडलं, पडलं, पंख उघडले. परत येऊन उलटं टांगून घेणं मात्र अवघड. ब्राऊन विद्यापीठात हे चित्रित केलंय. उतरताना वटवाघळाला वेग नसतो, त्यामुळे हवा मदत करत नाही. ते एक पंख जरासा मिटतं, दुसरा पसरलेला ठेवतं, आणि जड पंखांच्या त्या असमतोलावर अख्खं अंग फिरवून पाय छताला लावतं. हलक्या पिसांच्या पंखानं हे जमलं नसतं.

थांबा. वर बघा. पाण्याच्या टाकीच्या डावीकडे.

त्या कोयत्यासारख्या पंखांच्या, चिरचिरत चाललेल्या, त्या दिवसपाळीच्या. घर-पाकोळ्या. बघा, कुठे बसतायत का? बसणार नाहीत. तारेवर बसलेली पाकोळी तुम्ही कधी पाहिली नसेल, कारण तिला बसता येत नाही. तारेवर बसते ती भिंगरी, ती वेगळी. पाकोळीचे पाय इतके आखूड की शास्त्रीय भाषेत या कुळाचं नावच 'बिनपायांचे' असं आहे. चारही बोटं पुढे वळलेली, भिंतीला चिकटून टांगण्यापुरती. जमिनीवर पडली तर पुन्हा उडताना तिची फार ओढाताण होते. मोकळे पाय मिळूनही हिनं ते वापरले नाहीत, सगळं पंखांवर लावलं. युरोपातली एक पाकोळी विणीचा काळ सोडला तर दहा महिने जमिनीला न टेकता हवेत राहते, हे 2016 साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या पाठीवर इवलं यंत्र बसवून नोंदवलं. आणि जो पक्षी इतका हवेचा झाला, त्याची अंगलट वटवाघळासारखी झाली. पाय गेले, टांगणं आलं, फटीत राहणं आलं. आजीच्या दोन पाकोळ्या दिसायला जवळ येतात त्याचं कारण हे.

आणि ती दुसरी, आत्ता आली, दिव्याच्या खांबाजवळ. उडणं बघा. पहिली ताणून सरळ जात होती, ही बघा, वळली, खाली, परत वळली. जणू हवेत अक्षरं गिरवतेय. लुंडमध्येच 2007 साली वाऱ्याच्या बोगद्यात धुकं सोडून, त्यावर लेसर टाकून, वटवाघळाच्या मागे हवेत कसे भोवरे उठतात ते टिपलं गेलं. पक्ष्याच्या मागे भोवऱ्यांची माळ बऱ्यापैकी सुटसुटीत असते. वटवाघळाचा प्रत्येक पंख आपापली वेगळी माळ सोडत होता. पंख वर घेताना पक्षी पिसांमध्ये फटी सोडतो, हवा त्यातून निघून जाते. वटवाघळाला फट सोडता येत नाही, पडदा अखंड, म्हणून ते पंख मिटून वर घेतं. 2012 साली त्याच प्रयोगशाळेनं दोघांचा खर्च आणि मिळकत मांडली, तेव्हा पक्षी सरस ठरले. तेवढ्याच मेहनतीत जास्त लांब. वटवाघळाच्या बाबतीत एक संशयित आहे कान. एवढे मोठे कान वाऱ्यात उभे करून उडायचं म्हणजे हवा बिघडणारच. पण कान पाडून चालत नाही, ते का ते पुढे सांगतो.

पिल्लांचं झटपट सांगून टाकतो. पक्षीण अंडं घालते, म्हणजे ओझं बाहेर ठेवते. वटवाघळाची मादी ओझं पोटात घेऊनच उडते. छोट्या वटवाघळांत जन्मणारं पिल्लू आईच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास असतं, आणि आपल्या पाकोळीला तर जुळीही होतात. पंख जवळजवळ पूर्ण वाढेपर्यंत त्या पिल्लाला उडता येत नाही, तोवर दूध. (कबुतरंही पिल्लांना घशातलं 'दूध' पाजतात, पण ते वेगळ्या व्याख्यानाचं.)

अंधार. अठराव्या शतकात इटलीत लाझारो स्पालांझानी नावाचे प्राध्यापक होते, धर्मगुरूही होते. त्यांच्याकडे पाळलेलं घुबड होतं. खोलीतली मेणबत्ती विझली की घुबड भिंतीवर आपटायचं, पण तिथेच सोडलेली वटवाघळं आरामात फिरत. घुबड तर रात्रीचा राजा. मग हे काय? 1793 साली त्यांनी प्रयोग सुरू केले. डोळे झाकले, मग डोळे काढलेसुद्धा, आज आपल्याला ऐकवत नाही. वटवाघळं तरी उडत राहिली. जिनिव्हात लुई ज्युरीन यांनी कान बंद केले, आणि वटवाघळं आपटू लागली. कानानं दिसतं! पण काय ऐकतात? माणसाला काहीच ऐकू येत नव्हतं. लोकांनी थट्टा केली आणि विषय दीडशे वर्षं पडून राहिला. 1938 साली हार्वर्डमध्ये डॉनल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्यानं आपली वटवाघळं एका भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रासमोर नेली, त्या यंत्राला आपल्या कानापलीकडचे आवाज कळत होते. यंत्र बोललं.

तसलंच हे, खिशात मावणारं. ऐका. टिक… टिक… टिक… टिक. हा तिचा खरा आवाज नव्हे. तिचा आवाज सेकंदाला 40,000 कंपनांच्या वरचा, हे यंत्र तो खाली आणून ऐकवतंय. आपला कान 20,000 ला थांबतो, माझा तर आता निम्म्यावर. आता… टिकटिकटिक झ्झ्झप! चिलट गेलं. जवळ पोचल्यावर ती सेकंदाला दोनशेपर्यंत हाका मारते. हिशेब करा. आवाज सेकंदाला 340 मीटर जातो. चिलट 1.7 मीटरवर असेल तर हाक जाऊन प्रतिध्वनी यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेवढ्यात अंतर कळलं, दिशा कळली, पंख वळला.

एवढ्या मोठ्यानं सतत ओरडायचं तर दम लागायला हवा. इथे परत हात येतो. पंख हलवणारे स्नायू छातीला आवळतात, त्या दाबानं श्वास बाहेर पडतो आणि त्याच श्वासावर हाक निघते. एरवी पंखाच्या एका फटकाऱ्याला एक हाक. म्हणजे उडणाऱ्या वटवाघळाला हाक जवळपास फुकट पडते. तेच टांगलेलं असताना ओरडेल तर महागात जाईल. भाजीवाला गाडी ढकलतानाच आरोळी देतो ना, तसं. ती मोठी फळखाऊ वटवाघळं, ज्यांचे पंख पसरले तर दीड मीटरपर्यंत भरतात, ती मात्र असं ओरडत नाहीत. त्यांचं काम डोळ्यांनी आणि नाकानं चालतं. गुहेत राहणारं त्यातलंच एक छोटं फळखाऊ अंधारात जीभ टाळ्याला लावून टकटक करतं.

आणि आता आजीचा शेवटचा विजय. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत. त्यातल्या एका बेटाच्या गुहेत एक पक्षी घरटी करतो, पाकोळीच्याच कुळातला, थुंकीची घरटी करणारा. त्या काळोख्या गुहेत शिरताना तो पक्षी टकटक आवाज करतो आणि प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतो. आपल्याला ऐकू येईल असा आवाज, भरड. चिलट पकडण्याइतकं बारीक त्यातून दिसत नाही, घर सापडण्यापुरतं दिसतं. पण युक्ती तीच. कोकणातली पक्षी-पाकोळी वटवाघूळ-पाकोळीचं काम करते, आणि माझी कोकणातली आजी दोघींना एक म्हणत होती.

चूक फक्त आजीच करते असं नाही. इथून चर्चगेटला जा, लायन गेटसमोर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, 1883 सालची. तिथे 1948 साली तमिळनाडूतल्या डोंगरातून एक वटवाघूळ आलं, साध्या फळखाऊ वटवाघळाची चिठ्ठी लावून खणात गेलं. दोन दशकांनंतर थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी खण उघडला आणि म्हणाले, ही जातच काय, प्रजातीच, म्हणजे जातींचा अख्खा गटच, नवा आहे. 1972 साली तिचं नाव ठेवलं, सलीम अलींच्या नावावरून. आयुष्य पक्ष्यांमागे घालवलेल्या माणसाच्या नावाचं वटवाघूळ! याच किट्टींचं नाव थायलंडमधल्या दोन ग्रॅमच्या वटवाघळाला आहे, आणि क्यूबातला सगळ्यात छोटा हमिंगबर्डही दोन ग्रॅमच्या आसपासच. लहानपणाची हद्द दोघांना सारखीच लागली. मोठेपणाची नाही. मोठ्यातलं मोठं वटवाघूळ दीडएक किलोचं, आणि आफ्रिकेतला उडणारा माळढोक कधी पंधरा किलोच्या पुढे जातो. बरेच वजनदार पक्षी घारीसारखे गरम हवेच्या खांबावर फुकट वर जातात, आणि तो खांब दुपारी उभा राहतो, रात्री नाही.

त्याच 1972 साली आपला वन्यजीव कायदा झाला. त्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी म्हणून ठरवलेल्यांत ही नावं होती: उंदीर, घूस, कावळा आणि फळखाऊ वटवाघूळ. पक्ष्यांतला कावळा आणि यांच्यातलं हे, दोघं एकाच पाटीवर. 2022 च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं.

मागे कुणीतरी हात वर केला होता. निपाहचं विचारताय? विचारायलाच हवं. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत 2020 साली घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्या विषाणूच्या खुणा मिळाल्या, हे खरं. म्हणून गुहेत घुसून त्यांना हुसकावू नका, उघड्या हातानं धरू नका, अर्धवट कुरतडलेलं फळ खाऊ नका. झाडावर टांगलेलं वटवाघूळ खालून जाणाऱ्याला काही करत नाही. केसांत तर नाहीच अडकत. चिलट ओळखणाऱ्याला तुमचं डोकं दिसणार नाही?

बोला ताई. घरात शिरली तर काय करायचं?

चाळीत आमच्याकडे पहिला सीलिंग फॅन बसला त्या वर्षी एक शिरली. आजीनं सवयीनं दिवा मालवायला लावला. अंधारात पाकोळीला काही अडचण नव्हती, ती फिरत होती. पण फिरतं पातं तिला चुकवता आलं नाही. सकाळी कोपऱ्यात सापडली. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आतलं दार लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा, झाडू फिरवू नका, बहुधा पाचदहा मिनिटांत जाते. जमिनीवर पडलेली दिसली तर मेली समजू नका, तिला तिथून उडणं जड जातं. जाड टॉवेलमध्ये उचला, टॉवेल खिडकीच्या गजाला टांगा, ती त्याला धरून लोंबेल, आणि अंधार पडला की स्वतःला सोडून देईल. दिवसाची पाकोळी पडलेली मिळाली तरी जवळपास हेच. तिलाही उंचावर न्या, गच्चीच्या कठड्यापाशी उघड्या तळहातावर धरा, तिचं तिला जाऊ द्या. फेकू नका.

आणि दिवा मालवाच, आजी म्हणायची तसा. पण आधी पंखा बंद करा.